पिंजऱ्यापासून अरण्यापर्यंत

दार्जिलिंगच्या जवाहर पर्वतावर, सुमारे सात हजार फूट उंचीवर, धुक्याने वेढलेले एक प्राणिसंग्रहालय आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या या उद्यानाला १९७५ मध्ये पद्मजा नायडू यांचे नाव देण्यात आले. प्रारंभी सोव्हिएत संघाकडून भेट आलेले सैबेरियन वाघ हे येथील मोठे आकर्षण होते. पुढे हिमालयातील दुर्मीळ जीवांचे रक्षण हेच ध्येय ठरले आणि हिमबिबट्या व लाल पांडा यांचे संवर्धन-प्रजनन येथे होऊ लागले.

जीवदया मानणाऱ्या मनाला पिंजरा नेहमीच खुपतो. त्या खंतीला येथे २००३ साली एक उत्तर मिळाले. संग्रहालयात वाढलेल्या दोन लाल पांडा माद्या सिंगालिलाच्या अरण्यात सोडण्यात आल्या. एक श्वापदाच्या भक्ष्यस्थानी पडली. दुसरीने मात्र रानातच पिल्लाला जन्म दिला.

पांजरपोळात जीवाला आसरा मिळतो. येथे त्याला त्याचे घर परत देण्याची धडपड आहे. परंतु बांबूची ती वनेच उरली नाहीत, तर दार उघडूनही प्राण्याने जावे कोठे? अभयदान म्हणजे केवळ न मारणे नव्हे. दुसऱ्याच्या जगण्याची जागा राखणे, हेही अभयदानच होय.