शंभरचा बाँड

हायवेला माझं फटाक्यांचं दुकान आहे. तेरखेड्यात हे सांगणं म्हणजे आळंदीत मृदंग वाजवतो म्हणण्यासारखंच. दिवाळीचा हंगाम सोडला तर माणूस रिकामा, आणि रिकाम्या माणसाला गाव पंच करतं. 2007 साली तंटामुक्तीची मोहीम आली तेव्हापासून तर 'मिटवून टाकायचा' मला नादच लागला. बांधाची भांडणं मिटवली, पाइपलाइनची मिटवली. त्याच हातानं पुतणीचंही मिटवलं.

चुलतभावाची लेक, दुसऱ्या तालुक्यात दिलेली. एका पावसाळ्यात माहेरी आली. चहा देताना पदर सरकला, कोपराच्या वर भाजल्याचा डाग दिसला. "चुलीवर लागलं, तात्या." आमच्या गावात भाजलेलं ओळखायला डॉक्टर लागत नाही. फटाक्याच्या दारूनं भाजलं की कातडीत काळे कण बसतात, कडा वेड्यावाकड्या होतात. हा डाग सरळ, चार बोटं लांब. उलथन्याची कड. मला कळलं, आणि मी म्हणालो, "मलम लाव."

भाऊ ठाण्यात निघाला होता. मीच अडवला. चारशे अठ्ठ्याण्णव लागलं की सासूसासऱ्यासकट सगळे रातोरात आत, अन् पोरीला ते दार कायमचं बंद, एवढंच माझं ज्ञान. तेही चुकीचं. 498-अ ला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे (आता न्याय संहितेत ते 85 झालंय), पण अशा गुन्ह्यात उठसूट अटक करू नका, असं सुप्रीम कोर्टानं 2014 सालीच अर्नेश कुमारच्या निकालात पोलिसांना बजावलं होतं.

बैठक बसली. शंभरच्या बाँडवर माझ्याच अक्षरात लिहिलं: यापुढे मारहाण करणार नाही, नीट नांदवीन. जावयानं सहीला पेनही माझंच घेतलं. मग पोळी-आमटीचं जेवण झालं. ती सगळ्यांना वाढत होती.

पाच महिन्यांनी लेकराला कडेवर घेऊन परत आली. "तुमच्या कागदाला त्यो भेत नाय, तात्या."

बाँड घेऊन वकिलाकडे गेलो. त्यानं मागूनपुढून बघितला. "मोडला तर काय, ते कुठाय यात?" कुठंच नव्हतं. ते 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात होतं. तो कायदाही मला नवऱ्याला जेलात घालायचा वाटायचा. खरं तर तो आधी शिक्षा करतच नाही. मॅजिस्ट्रेट आदेश देतो: हात उचलू नको, तिच्याकडं फिरकू नको, राहायला जागा दे, खर्च दे. यातला संरक्षणाचा आदेश मोडला की गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तोही अजामीनपात्र. माझ्या कागदाला असा दात एकही नव्हता.

संरक्षण अधिकाऱ्यानं अहवाल केला, आदेश मिळाला. आता तरी मी गप्प बसायचं. दिवाळीच्या तोंडावर जावयाचा फोन आला, "पोराला एकदा बघू द्या." दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड. घाईत म्हणालो, "ये, मी सांगतो घरी." सांगितलंही. चहा ठेवायलासुद्धा सांगितला. अर्ध्या तासात ओसरीवर त्यानं तिला केसाला धरून ओढलं.

केस उभी राहिली. या गुन्ह्यात बाईची एकटीची साक्षही पुरू शकते, असं कायदाच म्हणतो, आणि तिची साक्ष खणखणीत झाली. मग पिंजऱ्यात मी. समोरच्या वकिलानं आवाजसुद्धा चढवला नाही.

"त्याला बोलावलं कुणी?"

"मी."

कुणी बोलावलं म्हणून आदेश सुटत नाही, तो कोर्टानंच उठवावा लागतो. गुन्हा शाबीत झाला. पण शिक्षेची वेळ आली तेव्हा त्याच्या वकिलानं माझा 'मी' पुन्हा बाहेर काढला: वडीलधाऱ्यांनी बोलावलं म्हणून बाप लेकराला भेटायला गेला. कैद झाली नाही. दंड भरून जावई दुपारच्या एसटीनं गेला. आम्ही त्याच स्टँडवर उभे होतो.

पुतणी आता दुकानात हाताखाली असते. परवा शेजारच्या वस्तीवरचा एकजण आला, मुलीचं असंच काहीतरी. शंभरचे बाँड बंद झालेत, तो पाचशेचा घेऊन आला होता. "तात्या, तुमचं अक्षर चांगलंय."

नाही म्हणायचं सोडून मी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. चष्मा खिशात होता. तो कागदाची घडी घालून निघाला. पुतणी हातातले सुतळी बॉम्ब तसेच टाकून त्याच्यामागं रस्त्यापर्यंत गेली.