पाठकोरी यादी

आमच्याकडे पाळणा हलणार हे नक्की झालं आणि मी बारामतीत खरेदीची यादी करायला बसलो. डायपर दिवसाला आठ धरले तरी वर्षाला 2,920! 2018 साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी पिशवी मिरवणारा मी. पण या प्लास्टिकची तेवढी आठवण झाली नाही.

आकडा ऐकून इंदापूरच्या सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, बाळ येणार आहे की पलटण?"

रविवारी त्या एसटीनं आल्या. पिशवीत मेव्हणीच्या पोराची झबली-टोपडी, धुऊन धुऊन मऊ झालेली जुनेरं आणि कात्री. दुपारपर्यंत लंगोट-दुपट्यांचा ढीग झाला आणि कापड संपलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं.

कपाटात आईचं नऊवारी होतं. आई जाऊन तीन वर्षं झाली. ते कुणी नेसत नव्हतं, कुणाला देववतही नव्हतं. मी मुकाट्यानं काढून दिलं.

सासूबाईंनी कात्री बाजूला ठेवली. "विहीणबाईंचं लुगडं कापायचं नाही. घड्या घालून गोधडी शिवू. नातवंडाला आजीची कूस नको का?"

मला काही बोलवेना. निदान ती यादी तरी फाडावी म्हणून उचलली, तर सासूबाईंनी हातातून काढून घेतली.

"फाडता काय? पाठकोरी आहे!"

आणि मागं डिंकाच्या लाडवांचं सामान लिहायला बसल्या.