काचेवरचा चरा

सांगलीच्या गावभागातील त्या घरात कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावे लागत. नियम अण्णांचा होता आणि तो पाहुण्यांनाही लागू होता. पेन्टॅक्स के१००० हा त्यांचा कॅमेरा. त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स. शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकाने त्यासाठी किती महिने काटकसर केली असेल, याचा हिशेब घरात कोणी कधी मांडला नाही. कॅमेरा तपकिरी चामडी पेटीत असे. घरात चामडे असणे अक्कांना रुचत नव्हते. पण पतीच्या या एका हौसेपुढे त्या गप्प राहिल्या.

रविवारी जेवणे आटोपली की अण्णा पांढरे धुवट कापड अंथरून बसत. प्रथम रबरी फुंकणी. त्या वेळी लेन्सचे तोंड खाली धरायचे, म्हणजे उडालेला कण पुन्हा काचेवर येऊन बसत नाही. मग मऊ कुंचला. एवढ्यावर भागले तर काचेला कापड लावायचेच नाही. बोटाचा तेलकट ठसा उमटलाच असेल, तर पातळ कागदावर द्रावणाचा एक थेंब घ्यायचा आणि मध्यापासून कडेकडे गोल फिरवीत अलगद पुसायचे. थेंब काचेवर थेट सोडायचा नाही. कडेच्या फटीतून तो आत उतरतो. तोंडाने फुंकर मारण्यासही मनाई होती, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात. हल्ली सदऱ्याच्या टोकाने मोबाइलची काच पुसणाऱ्या मुलांना हे सोवळे वाटेल. मोबाइलच्या भिंगावर कठीण काचेचे आवरण असते, म्हणून तो एवढे सोसतो.

डिसेंबर १९९३ मध्ये श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता. सारे कुटुंब गेले होते. विंध्यगिरीच्या पायऱ्या चढून गर्दीत कशीबशी जागा मिळाली. दुधाचे, हळदीचे, चंदनाचे कलश एकामागून एक बाहुबलींच्या मस्तकावरून ओघळत होते. वाऱ्याने आलेला हळदीच्या पाण्याचा एक तुषार थेट लेन्सवर पडला. अण्णा पिशवीत फुंकणी शोधत होते. वर पुढचा कलश कलता झालेला पाहून अक्कांनी घाईने पदराच्या टोकाने काच पुसली आणि कॅमेरा पुढे केला, "घ्या, घ्या लवकर, अहो!"

पदर मऊच होता. पण दिवसभर त्या डोंगरावर फिरलेल्या पदरात ग्रॅनाइटची बारीक कणी अडकलेली होती, आणि त्यातील गारगोटी काचेहून कठीण असते. उन्हात धरताच काचेवर बोटभर लांबीचा, केसासारखा चरा चमकला. अण्णा सगळ्या नातेवाइकांसमोर बोलले. "चूल आणि कॅमेरा यात फरक असतो, एवढंही तुला कळू नये?" अक्कांनी उत्तर दिले नाही. त्यानंतर त्यांनी कॅमेरा कधीच हातात घेतला नाही. तोवर अण्णांचे फोटो त्याच काढीत असत. १९९३ नंतरचे घरातले अल्बम पाहिले तर मुंजीएवढ्या मुलांपासून पणजीपर्यंत सारे त्यांत आहेत. अण्णा मात्र कोठेच नाहीत.

अक्का गेल्या, आणि अण्णांची रविवारची बैठकही मोडली. पेटी वरच्या कपाटात गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले तेव्हा ती भिजली नाही. पण भिंती पुढे कित्येक आठवडे ओल धरून होत्या, आणि चामडे ओल शोषून घेण्यात भिंतींहून मागे नसते.

पुण्यात शिकणाऱ्या नातीने गेल्या वर्षी कॅमेरा मागितला. मुलांत फिल्मची हौस पुन्हा आली आहे. पेटी उघडताच कुबट वास आला. उजेडाकडे धरलेल्या लेन्सच्या आत झाडाच्या मुळांसारखे पांढरे धागे पसरले होते. ती बुरशी होती. हवेत ओलावा फार असला, अंधार असला आणि वारा खेळता नसला की ती काचांच्या मधल्या जागेत वाढते. पेटीत सिलिका जेलची एक पुडी असती, ती वेळोवेळी वाळवली गेली असती, किंवा पेटीऐवजी लेन्स हवाबंद डब्यात राहिली असती, तर बहुधा हे टळले असते. अण्णांना हे सारे ठाऊक होते.

पुण्यातील एका वृद्ध कारागिराने लेन्स खोलून काचा सुट्या केल्या. बुरशी पुसली गेली, पण एका काचेवर तिची नक्षी राहिली. बुरशीतून स्रवणारे आम्ल काचेवरचा लेप खाते. हा लेप केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी पातळ असतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, तो हा लेप आत जाऊ देतो. १९३५ मध्ये जर्मनीतील त्साइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी तो सिद्ध केला. लेप गेला तेथे प्रकाश विखुरतो आणि चित्र धुक्यातल्यासारखे फिके येते.

"आणि हा पुढचा चरा?" अण्णांनी विचारले.

कारागिराने काच दिव्यापुढे फिरवली. "हा? हा कधी फोटोत आलाच नसेल, काका. चित्रातल्या प्रत्येक बिंदूला सगळ्या काचेतून उजेड मिळतो. केसभर रेघेने किती अडणार? सूर्य समोर असला तर थोडी चमक येईल, एवढंच. मागच्या काचेवर असता तर वेगळी गोष्ट."

सांगलीला परतल्यावर अण्णांनी १९९३ चा अल्बम काढला. अभिषेकाचे ते चित्र, चरा पडल्यानंतर लगेच घेतलेले, जाड भिंगाखाली त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासले. हळदीची धार, तिच्यामागचे आकाश, खालच्या अंगाला दाटलेली माणसे, सारे स्वच्छ होते. रात्री उशिरापर्यंत खोलीतला दिवा जळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीने त्यांना ओसरीवर बसविले. "अण्णा, हलू नका." मग तिने कॅमेरा खाली केला. "थांबा, काचेवर काहीतरी आहे. फुंकणी कुठे ठेवलीत?"

"राहू दे," अण्णा म्हणाले. "ते फोटोत येत नाही."

फिल्मवर अजून अकरा चित्रे शिल्लक आहेत. ती संपल्याशिवाय ती धुण्यास जायची नाही.