सेलू ते मोका

मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात आहे. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 13 लाख भरली होती. म्हणजे माणसे जवळपास सारखीच. जमीन मात्र वर्ध्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, साधारण 2,040 चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत एक सार्वभौम राष्ट्र मावले आहे: स्वतःची संसद, स्वतःचा रुपया आणि आफ्रिकी संघात स्वतःची खुर्ची. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातून निघालेल्या माणसाला हे प्रमाण आधी ध्यानात घ्यावे लागते. नाहीतर तिथले सगळेच विनाकारण मोठे किंवा विनाकारण छोटे दिसू लागते.

प्रवास भाद्रपदातला. सेलूभोवती पऱ्हाटीला पात्या लागल्या होत्या, सोयाबीन शेंगांवर होते. केळीच्या बागा ही पूर्वी या भागाची ओळख. आता त्या शोधाव्या लागतात. केळझरच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडून साठेक किलोमीटरवर नागपूर, तिथून मुंबई आणि मुंबईहून सहा तासांचे विमान. भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. घड्याळ दीड तास मागे घेतले की काम भागते. विमान उतरते आग्नेयेकडे, उसाच्या फडांना लागून. राजधानी पोर्ट लुईकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस आणि शेतात मधूनमधून काळ्या दगडांचे ढीग. बेट ज्वालामुखीतून वर आलेले, त्यामुळे जमीन कसायची तर आधी दगड वेचायचे. ते कोणी वेचले, याचे उत्तर बंदरावर मिळते.

पोर्ट लुईच्या बंदरावरचा आप्रवासी घाट म्हणजे दगडी इमारतींचे उरलेसुरले अवशेष आणि 16 पायऱ्या. युनेस्कोने 2006 मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली, पण मळ्यांना मजूर हवेच होते. मग करारावर माणसे आणण्याची पद्धत निघाली. करार म्हणजे ‘ॲग्रीमेंट’, त्याचे झाले गिरमिट. 1834 पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चार-साडेचार लाख भारतीय या किनाऱ्यावर उतरले. बहुसंख्य भोजपुरी मुलखातले, कलकत्त्याहून आलेले. मराठी मजूर मुंबई बंदरातून आले. पायऱ्या फार उंच नाहीत. फोटो काढणाऱ्यांना निराश करतील इतक्या त्या साध्या आहेत.

मोका गावी महात्मा गांधी संस्था आहे. या मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपल्या आहेत: नाव, क्रमांक, वय, जात, गाव, जहाज. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या थोड्या नोंदींत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा अशी ठिकाणे होती, वर्धा नव्हते. यात नवल नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1860 च्या दशकात विदर्भाच्या कापसाला तेजी आली, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. इकडे तेव्हा मजूर लागत होते. कोकणाकडे द्यायला माणसांखेरीज फारसे काही नव्हते. वहीत लिहिलेले मजुराचे एकटे नाव पुढे बहुधा घराण्याचे आडनाव झाले, तेही इंग्रजी-फ्रेंच कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. म्हणून इथल्या मराठी आडनावांत कुणाच्या तरी पणजोबाचे पाळण्यातले नाव दडलेले असते.

मराठी समाज लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास. घरात बोलणे क्रिओलमध्ये, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच. मराठी प्राथमिक शाळेत शिकवली जाते, रेडिओवर ऐकू येते आणि सणाला जिवंत होते. गणेशोत्सव 1896 मध्ये हेन्रिएटा येथे सुरू झाला असे सांगतात. आज त्याची देशभर सुट्टी असते आणि गंमत अशी, की ती चतुर्थीला नसून दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला असते. कोकणातला दीड दिवसाचा गणपती सरकारी दिनदर्शिकेत असा कायम झाला आहे. मिरवणुकीत जी ‘झाकरी’ म्हणतात ती कोकणातली जाखडी. म्हणणाऱ्या तरुणांपैकी कित्येकांना शब्दांचा अर्थ सांगता आला नाही. ताल मात्र एकाचाही चुकला नाही.

रस्त्यावर ढोल पुरी मिळते. डाळ शिजवून, वाटून पातळ पोळीत भरलेली, म्हणजे बिनगुळाची पुरणपोळीच. ती जोडीनेच विकली जाते, आत घेवड्याची भाजी आणि मिरचीची चटणी. कागदात गुंडाळून उभ्याउभ्या खायची.

देश स्वतंत्र झाला 12 मार्च 1968 रोजी. दांडीयात्रेची ही तारीख मुद्दाम निवडली होती. गांधीजी 1901 मध्ये डर्बनहून भारतात परतताना जहाज थांबल्यामुळे तीनेक आठवडे या बेटावर होते. मुले शिकवा आणि राजकारणात पडा, असे त्यांनी इथल्या मजुरांना सांगितले. 12 मार्च 1930 ला साबरमती सोडल्यावर ते आश्रमात राहायला परतले नाहीत आणि पुढे सेलूच्या शेजारी सेवाग्रामला स्थायिक झाले. सेलूकराच्या दृष्टीने मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाचे हे एक टोक वर्धा जिल्ह्यात आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी जाणकारांना या देशाचे भवितव्य अंधारे दिसत होते. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी 1961 च्या अहवालात इशारा दिला होता: हिवताप हटल्यामुळे माणसे भराभर वाढताहेत, पीक एकच, ऊस, आणि तोही चक्रीवादळांच्या तोंडी. मीड यांना पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मॉरिशसबाबत मात्र त्यांचा अंदाज चुकला. तो कसा चुकला हे पाहण्याजोगे आहे. 1970 मध्ये निर्यात उद्योगांना करसवलती देणारा कायदा झाला, कपड्यांचे कारखाने आले आणि गावागावातल्या बायका पगारावर लागल्या. 1975 च्या लोमे करारामुळे युरोप दरवर्षी सुमारे 5 लाख टन साखर ठरलेल्या, चढ्या भावाने घेऊ लागला. 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. नंतर पर्यटन वाढले आणि बँका आल्या. भारताशी झालेल्या 1982 च्या करविषयक करारामुळे मुंबईच्या शेअर बाजारात येणारा परदेशी पैसा ‘मॉरिशसमार्गे’ येऊ लागला. मराठी वाचकाला या देशाचे नाव भेटते ते बहुधा अर्थविषयक पानावरच. 2016 मध्ये त्या कराराला मुरड घातली गेली. 2020 च्या जुलैत जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्नाच्या देशांत बसवले. कोरोनाने वर्षभरातच खाली उतरवले.

या यशात हुशारी आहे तसा नशिबाचा वाटाही मोठा आहे. साखरेला बाजारापेक्षा जास्त दर देणारे गिऱ्हाईक तीस-पस्तीस वर्षे मिळणे, हे कापूस पिकवणाऱ्या कुणाच्याही वाट्याला आलेले नाही. मात्र तो पैसा शाळांत गेला, आणि तो नेमका तिथे जाणे हे नशिबाचे काम नव्हते. साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करून देशाला विकतात. सेलूकडे पऱ्हाटी चुलीत जाते, नाहीतर धुऱ्यावर पेटवली जाते.

पोर्ट लुईहून क्युरपीपला जाणारी मेट्रो भारताच्या मदतीने झाली, बांधली लार्सन अँड टुब्रोने. तिच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन 2019 च्या ऑक्टोबरात झाले. 1964 मध्ये बंद पडलेल्या जुन्या रेल्वेची वाट तिने बरीचशी धरली आहे. गाडीत सकाळी गणवेशातली मुले असतात. पुढे कुठे शिकणार असे विचारले की पर्थ, मेलबर्न, पॅरिस, टोरांटो अशी उत्तरे येतात.

बेट सोडून जाणे इथे नवे नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय वंशाच्या बहुसंख्याकांच्या राज्याच्या धास्तीने अनेक क्रिओल आणि गोरी कुटुंबे ऑस्ट्रेलियाला गेली. 1970 च्या आसपास तरुण मुली परिचारिका होण्यासाठी ब्रिटनला गेल्या. आता जातात ते शिकायला आणि पुष्कळजण तिकडेच राहतात. घरटी मुले दोनांपेक्षा कमी, त्यामुळे एक गेला तरी घर निम्मे रिकामे होते. परत येणाऱ्या व्यावसायिकांना सरकार दहा वर्षे प्राप्तिकर माफ करते. तोवर कपड्यांच्या कारखान्यांत बांगलादेश, मादागास्कर आणि भारतातून कामगार येतात, करारावरच. कराराला आता गिरमिट म्हणत नाहीत.

परतल्यावर सेलूच्या चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न आला: “एकरी ऊस किती उतरते?” तीसेक टन, असे सांगितल्यावर मान हलली. दुसरा प्रश्न लगेच होता: “आन् तिकडं तोडाले मानसं भेटतात का?” भेटत नाहीत. बरीचशी तोडणी आता यंत्राने होते, आणि जिथे दगडांमुळे यंत्र चालत नाही ती कितीतरी शेते पडीक आहेत.