गुरुवारचे जेवण आणि घराचा उंबरा

पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांत आठवड्याचा रविवार गुरुवारी येतो. विजेचा भार सगळ्या दिवसांवर सारखा पडावा म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वार वाटून दिले गेले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. पोरे शाळेत, बायका कामावर आणि नवरे घरी, असा हा उलटा वार. मुळा-पवनेच्या संगमाजवळच्या आमच्या सांगवीत गुरुवारी सकाळी चौकाचौकांत कामगार मंडळी निवांत उभी दिसतात, ती रिकामटेकडी नसतात. ती त्यांची हक्काची सुट्टी असते.

अशा गुरुवारी आम्ही पाच मित्र महिन्यातून एकदा जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला, देहूरोडच्या पुढे एका ढाब्यावर जेवायला जातो. पंधरा वर्षे झाली. एक मराठा, एक माळी, एक मुसलमान, एक कोकणातला कुणबी आणि आम्ही बौद्ध. कुणी फिटर, कुणी स्टोअरमध्ये, आम्ही कारकून. माळी मित्र वयाने मोठे, त्यांना सगळे दादा म्हणतात. दादांचा गुरुवार दत्ताचा, म्हणून त्यांना पिठलं-भाकरी आणि ठेचा. बाकीच्यांना चुलीवरचे मटण. टेबलावर दारू येणार नाही हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. आम्हाला पाचवे शील आहे म्हणून, मुसलमान मित्राला त्याच्या धर्माने मनाई आहे म्हणून आणि उरलेल्यांना, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, बिल परवडत नाही म्हणून! कारण कोणतेही असो, पगार घरी जातो हे महत्त्वाचे.

वाचक म्हणतील, पाच माणसे ढाब्यावर जेवली यात लिहिण्यासारखे काय? आहे. आमचे वडील तरुणपणी गावच्या हॉटेलात चहा प्यायचे, तेव्हा त्यांची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असे. चहा वरून ओतला जाई, पिऊन झाल्यावर कपबशी स्वतः विसळून परत जागेवर ठेवायची. पैसे मात्र सर्वांइतकेच! अस्पृश्यता गुन्हे कायदा १९५५ साली झाला होता, राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली असल्याचे स्पष्ट लिहिले होते, तरी ती कपबशी वळचणीलाच होती. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते तहान लागली म्हणून नव्हे. माणूस म्हणून इतरांच्या बरोबरीने पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावण्यासाठी. त्या ओंजळीमुळे आज आम्ही कोणत्याही टेबलावर ताठ मानेने बसतो. ज्या देहूरोडवरून आम्ही ढाब्याकडे जातो, तिथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या रस्त्याने जाताना आमचे हात आपोआप जोडले जातात.

पण एकत्र जेवले म्हणजे जात गेली का? याचे उत्तर बाबासाहेबांनी १९३६ सालीच देऊन ठेवले आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे न झालेले ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. सहभोजनाने जातीची भावना मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच, असे त्यात त्यांनी सांगितले. त्याच्याही २० वर्षे आधी, १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले होते की जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मूळ आहे. आम्ही हे भाषणांतून अनेकदा सांगितले. त्याचा प्रत्यय मात्र ढाब्यावरच आला.

मागच्या पावसाळ्यात एका गुरुवारी दादा जेवेनात. भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. मग म्हणाले, मुलगी चाकणच्या कंपनीत आहे, तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचे म्हणते. मुलगा बौद्ध आहे. "पोरगा चांगला आहे. नोकरी कायम आहे, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. पण गावाकडं काय सांगू?"

टेबलावर कुणी बोलेना. कोकणातला मित्र हळूच म्हणाला, कोर्टात लग्न लावून टाका. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ते होते, ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे आम्हाला ठाऊक होते. पण प्रश्न कायद्याचा नव्हता. आम्ही विचारले, "दादा, पंधरा वर्षं आपण एका ताटात जेवतो. हे गावाकडं कधी सांगितलं होतं का?"

दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही. हॉटेलातलं हॉटेलात राहतं."

आम्हाला राग आला नाही. माणूस खरे बोलला होता. पाच पुरुष रस्त्यावर जेवतात आणि पाच घरांतल्या चुली एकमेकींना ओळखत नाहीत, अशी ही मैत्री. जात ढाब्यावर राहत नाही, ती स्वयंपाकघरात आणि देव्हाऱ्यात राहते. आणि तिथे तर आपण बायकांना एकमेकींना कधी भेटूच दिले नाही!

आम्ही सुचवले, यापुढचे जेवण घरी. दादा म्हणाले, पहिले माझ्याकडे या, वहिनींना घेऊन. आम्ही गेलो. दादांच्या मातोश्रींनी आडनाव विचारले, आम्ही सांगितले. म्हातारी क्षणभर थांबली आणि सुनेला म्हणाली, "ताटं घे." वेगळी पत्रावळ आली नाही. आमच्या सौभाग्यवतींना वहिनींनी आत बोलावले आणि तिथे खरे बोलणे झाले. वहिनींचा प्रश्न सरळ होता: पोरीला तिथं गौरी-गणपती करता येतील का? सौभाग्यवतींनीही सरळ उत्तर दिले. बौद्ध घरात बावीस प्रतिज्ञा असतात, त्या लपवून सोयरीक करू नये. पण दीक्षा जबरदस्तीची नसते, मुलीने मुलाला आणि त्याच्या घरच्यांना आधी सगळे विचारून घ्यावे. वहिनी म्हणाल्या, "एवढं खरं सांगितलंत, म्हणजे माणसं खोटी नाहीत."

लग्न अजून ठरलेले नाही. दादा मुलाच्या घरी जाऊन आले आहेत, एवढे मात्र झाले.

धम्मबंधू-भगिनींनो, दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. आपल्या वधू-वर मेळाव्यांत पूर्वाश्रमीची पोटजात कोण विचारते? आपणच ना? १९५६ साली दीक्षाभूमीवर जे सोडले, ते सोयरिकीच्या वेळी पुन्हा गाठोड्यातून काढायचे, ही बाबासाहेबांशी प्रतारणा आहे. भगवान बुद्धांनी शेवटचे भोजन घेतले ते चुंद लोहाराच्या घरी. त्यानंतर प्रकृती बिघडली, तरी चुंदाला कुणी दोष देऊ नये, त्याच्या अन्नदानाचे पुण्य मोठे आहे, असे त्यांनी आनंदाला सांगून ठेवले. ज्या घरचे खाल्ले त्या घराचा मान राखावा, हा त्यातला बोध.

म्हणून सांगणे एवढेच की, मित्रांबरोबर हॉटेलात जरूर जेवा, पण तिथेच थांबू नका. त्यांना सहकुटुंब घरी बोलवा, त्यांच्या घरी सहकुटुंब जा. मुलांना हे बघू द्या. उद्या मुलगी काही सांगायला आली, तर तिच्या बापाला गावाकडे काय सांगू हा प्रश्न पडणार नाही, कारण गावाला ते आधीच माहीत असेल.

जय भीम!