नदीपलीकडचं माहेर

मैत्रिणींनो, सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर नाहीतर माथेरान येतं. मग खर्चाचा आकडा ऐकला, की आपण मुकाट्यानं पोळ्या लाटायला लागतो! पण आम्हां लोहेकरांना सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असा धबधबा नांदेड जिल्ह्यातच आहे. किनवट तालुक्यात, इस्लापूरजवळचं सहस्रकुंड! लग्नाला वीस वर्षं झाली तरी मी तो पाहिला नव्हता.

गेल्या श्रावणात गेलो, तेही सासूबाईंच्या हट्टापायी. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही असा डबा बांधला. लोह्याहून नांदेड तीसेक किलोमीटर. पुढे भोकर, हिमायतनगर करत शंभरेक. आदिलाबादच्या रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनही आहे बरं का!

बुलढाणा जिल्ह्यातल्या डोंगरांत उगम पावलेली पैनगंगा इथे काळ्या कातळावर फुटते आणि अनेक धारांनी खाली कोसळते. परशुरामाच्या बाणांनी इथे सहस्र कुंडं झाली, असं सांगतात. उंची फार नाही, पण आवाज असा, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं!

सासूबाई मात्र धबधब्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर पलीकडच्या काठावर. नदीच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. त्यांचं माहेर तिकडेच, उमरखेड तालुक्यातलं. शेताच्या वाटणीवरून भावाशी बोलणं तुटलं, त्याला बारा वर्षं झाली. हट्ट कशासाठी होता, ते मला तेव्हा उमगलं.

डबा उघडला तशा म्हणाल्या, “चार धपाटे बाजूला ठेव गं.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे काहीच बोलले नाहीत. परतताना गाडी मात्र पुलावरून पलीकडे नेली. दारात मामंजींच्या मेहुण्यांनी आधी ओळखच दाखवली नाही. मामीबाईच पुढे झाल्या, हातातला डबा घेतला आणि म्हणाल्या, “वन्सं, उन्हात काय उभ्या? आत या.” भाऊ-बहीण फारसं बोलले नाहीत. पण निघताना डबा परत आला, तो मुगाच्या कोवळ्या शेंगांनी भरून. त्या शेंगा मामांनी स्वतः शेतातून तोडून आणल्या होत्या.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्यात किंवा तो सरता सरता जा. उन्हाळ्यात नुसता कातळ दिसतो. शेवाळावर पाय घसरतो, तेव्हा उंच टाचांच्या चपला घरीच ठेवा. मुलांचा हात सोडू नका आणि पात्रात उतरूच नका. वरच्या अंगाला इसापूरचं धरण आहे, तिथून पाणी सोडलं की नदी बघता बघता फुगते. अंगावर तुषार येतात, म्हणून जादा कपडे घ्या.

आणि हो, डब्यात चार धपाटे जास्तीचे असू द्या.