बाहेरच्या वाटेवरचा पहारा

सर्व्हरवर फायरवॉल बसवली असं कुणी सांगितलं की त्याचा अर्थ बहुतेकदा एवढाच असतो: बाहेरून आत येणाऱ्याला अडवलं आहे. आतून बाहेर जाणाऱ्याला कुणी हटकत नाही. विंडोजच्या फायरवॉलची मूळ मांडणीच तशी आहे, उबुंटूच्या यूएफडब्ल्यूचीही तशीच. २०२१ च्या डिसेंबरात प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉगफोरजे या लायब्ररीमधली खोट उघड झाली, तेव्हा या ढिलाईची किंमत कळली. हल्लेखोराने पाठवलेली एक ओळ नोंदवता नोंदवता सर्व्हर आपणहून त्याच्या यंत्राशी जाऊन बोलायचा. पुढे अनेक ठिकाणी घुसखोरांनी फाइली उतरवणारं कर्ल नाहीतर डब्ल्यूगेट चालवून क्रिप्टो चलन खोदणारे प्रोग्रॅम उतरवून घेतले. हत्यारं घरातलीच होती.

मग पहिला विचार सुचतो तो या दोघांनाच वेसण घालण्याचा. पण कर्लला मोकळीक दिली की कर्ल चालवू शकणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला ती मिळते. आणि बंदी घातली, तर पायथनच्या दोन ओळी तेच काम करतात. लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये पूर्वी कमांडच्या नावावरून पॅकेट ओळखण्याची सोय होती. एकाहून अधिक प्रोसेसरांच्या यंत्रांवर ती भरवशाची नव्हती, म्हणून काढून टाकली गेली. त्याचं फार वाईट वाटून घ्यायला नको. पॅकेट कोणत्या युजरच्या नावावर निघालं हे आजही ओळखता येतं, आणि खरा उपयोग त्याचाच आहे. डेबियनचं ॲप्ट फाइली उतरवण्यासाठी स्वतःचा वेगळा युजर ठेवतं. बॅकअपच्या किंवा अहवाल आणणाऱ्या स्क्रिप्टलाही तसाच युजर दिला, की ‘या युजरला ४४३ पोर्ट, बाकीच्यांना काही नाही’ असा नियम सहज लिहिता येतो. डीएनएससाठी ५३ आणि घड्याळ जुळवण्यासाठी १२३ हे पोर्ट मात्र आठवणीने उघडावे लागतात.

कुठे जाऊ द्यायचं, हा प्रश्न जास्त चिवट. नियमात डोमेनचं नाव लिहिलं, तरी आयपीटेबल्स नियम भरतानाच त्याचा पत्ता शोधून गोठवून टाकतं. डेबियनचा डाउनलोड सर्व्हर सीडीएनमागे आहे. तिथले पत्ते बदलले की काल चालणारं अपडेट आज अडतं. अशा वेळी पत्त्यांच्या याद्या वाढवत बसण्यापेक्षा स्क्विडसारखा प्रॉक्सी मध्ये ठेवावा, डोमेनची यादी त्याच्याकडे द्यावी आणि बाहेरची वाट फक्त त्यालाच मोकळी ठेवावी. साध्या एचटीटीपीसाठी प्रॉक्सीचं नाव देणारं व्हेरिएबल कर्ल फक्त लहान अक्षरांतलं मानतं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, तर कर्ल थेट बाहेर पडू पाहतं आणि फायरवॉलवर आपटतं.

नकार कसा द्यायचा, यातही कसब आहे. ‘ड्रॉप’ म्हणजे गप्प बसणं, ‘रिजेक्ट’ म्हणजे तोंडावर नाही म्हणणं. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत ड्रॉपनंतर एकेक जोडणी सुमारे दोन मिनिटं ताटकळते, आणि डब्ल्यूगेट मुळात वीस वेळा प्रयत्न करतं. पाऊण तास कुठे गेला ते कळत नाही; तोवर रात्रीची पुढची कामं खोळंबतात. रिजेक्ट केलं, की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसतं आणि डब्ल्यूगेट पहिल्याच झटक्यात थांबतं. आपल्याच यंत्रातून बाहेर जाणाऱ्यापासून लपवायचं तरी काय? इथे रिजेक्टच योग्य, सोबत लॉगचा नियमही हवा. नियम लागू करण्याआधी आठवडाभर नुसता लॉग चालू ठेवला, तर विस्मरणात गेलेल्या स्क्रिप्ट आपोआप समोर येतात.

सगळ्यात जास्त चकवतं ते आयपीव्ही६. आयपीटेबल्सचे नियम फक्त आयपीव्ही४ ला लागतात. आयपीव्ही६ साठीचा नियम वेगळा लिहावा लागतो. कर्ल तर बऱ्याचदा आयपीव्ही६ चीच वाट आधी धरतं, म्हणजे कडेकोट बंद वाटणाऱ्या यंत्रातून फाइल निवांत उतरते. आयपीटेबल्सच्या जागी आलेल्या एनएफटेबल्सच्या ‘आयनेट’ टेबलमध्ये एकच नियम दोन्हीकडे लागू होतो, म्हणून नवं काम तिथेच करावं.

नियम लिहून झाल्यावर यादीबाहेरच्या एखाद्या पत्त्यावर कर्ल दोनदा चालवून पाहा: एकदा फक्त आयपीव्ही४ ने, एकदा फक्त आयपीव्ही६ ने. दोन्ही वेळा नकार आला आणि दोन्ही नकार लॉगमध्ये दिसले, तरच ते काम झालं असं धरा.